×७१६ की ×७७६ : नागपुरातील एका मौझर पिस्तुलाच्या क्रमांकाचा माग

नागपूरच्या महाल भागातील एका कुटुंबाकडे दोन पिढ्यांपासून असलेल्या मौझर पिस्तुलावरचा क्रमांक आणि त्याच्या परवाना पुस्तिकेतला क्रमांक यांत एका अंकाचा फरक निघाला. पिस्तुलावर ×७१६ आहे आणि पुस्तिकेत ×७७६ लिहिलेले आहे. पहिला अंक कुटुंबाच्या विनंतीवरून येथे झाकलेला आहे; तो दोन्हीकडे सारखाच आहे. परवानाधारक आजोबांच्या निधनानंतर त्यांच्या नातवाने वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज केला, तेव्हा तपासणीत हा फरक लक्षात आला आणि अर्ज तेथेच अडला.

अशा फरकाला कायद्याच्या दृष्टीने लेखनिकाची चूक म्हणून सोडून देता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवर किंवा पिस्तुलावर ठोकलेले नाव, क्रमांक अथवा ओळखीची खूण पुसणे, काढणे, बदलणे किंवा बनावट घालणे हा अपराध आहे. त्यामुळे पुस्तिकेत एक आणि पोलादावर दुसरा क्रमांक दिसला, तर तपासणाऱ्यासमोर तीनच शक्यता उरतात : कागद चुकला आहे, पिस्तूल बदलले आहे, किंवा पिस्तुलावरचा अंक कोणी तरी बदलला आहे. यांतील पहिली शक्यता निरुपद्रवी आहे. उरलेल्या दोन्ही गंभीर आहेत. नातू सरळ मनुष्य. आजोबा गेल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्याने कलम २१ प्रमाणे पिस्तूल सदर भागातील एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घेतली होती. ही पावती नसती तर पुढचे सगळेच अवघड झाले असते.

जुन्या शस्त्रांवरचे ठसे वाचण्याचे आणि मध्य प्रांताच्या जुन्या दप्तरात बसण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आले. पहिल्याच बैठकीत माझ्यापुढे पिस्तुलाआधी त्याच्या हकीकती ठेवल्या गेल्या. आजोबांच्या पत्नी, म्हणजे घरातल्या आजी, यांनी सांगितले की, हे कलकत्त्याच्या रॉडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीच्या, क्रांतिकारकांनी १९१४ मध्ये केलेल्या चोरीतले पिस्तूल आहे. त्यांचे सासरे बंगाल-नागपूर रेल्वेत नोकरीस होते, १९१५ च्या सुमारास एक बंगाली तरुण त्यांच्या घरी चार रात्री लपून राहिला आणि जाताना हे मागे ठेवून गेला, असे त्यांच्या सासूबाई सांगत. दुसरी हकीकत घरात येणाऱ्या एका शस्त्रशौकिनाची. त्याचे म्हणणे असे की, मौझरने दहा लाखांच्या आसपास पिस्तुले केली, त्यात चार अंकी क्रमांक म्हणजे अगदी आरंभीचे, लष्कराच्या चाचणीसाठी पाठवलेले पिस्तूल. त्याची किंमत कुटुंबाला कल्पना येणार नाही इतकी असणार. तिसरे म्हणणे परवाना कार्यालयाचे : परवाना ×७७६ चा आहे, समोर ×७१६ आहे, तेव्हा हे परवान्यातले पिस्तूलच नव्हे.

तिन्ही म्हणणी क्रमांकावरच उभी होती, आणि तिन्ही ठिकाणी क्रमांक एखाद्या माणसाच्या नावासारखा, स्वयंपूर्ण समजून वापरला गेला होता. माझा अनुभव असा आहे की, शस्त्रावरचा क्रमांक हा घराच्या क्रमांकासारखा असतो. गल्लीचे नाव कळल्याशिवाय १२ क्रमांकाचे घर शोधता येत नाही. म्हणून तो अंक कोणी घातला, कोणत्या मालिकेत घातला आणि कोणाच्या मागणीसाठी घातला, हे ठरवण्यापासून मी सुरुवात केली. ७१६ की ७७६ हा प्रश्न मुद्दाम शेवटासाठी ठेवला.

पिस्तुलाची तपासणी

एप्रिलच्या अखेरीस विक्रेत्याच्या दुकानातील मागच्या खोलीत, त्याच्या आणि नातवाच्या समक्ष पिस्तूल पाहिले. इतवारीच्या सराफ्यातून घेतलेले दहापट भिंग, एक लहान विजेरी, मऊ कुंचला आणि टाल्कम पावडर एवढेच साहित्य बरोबर होते. अंकांच्या खाचेत पावडर बसवून विजेरी अगदी आडवी धरली की झिजलेला ठसाही उठून दिसतो. कूलरच्या वाऱ्याने पावडर उडत होती म्हणून कूलर बंद करावा लागला, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीत दोन तास बसणे म्हणजे काय ते येथल्या वाचकाला सांगायला नको. तारेचा ब्रश, पॉलिश कागद, लिंबू, रॉकेल यांपैकी काहीही लावायचे नाही, हे मी आधीच बजावले होते. घरची मंडळी प्रेमाने जुनी वस्तू घासतात आणि त्याबरोबर पुरावाही घासला जातो. शस्त्राच्या बाबतीत तर अशा घासण्यातून कलम ८ चा संशय अंगावर येऊ शकतो.

पिस्तूल मौझर सी ९६ घडणीचे होते. मुठीपुढे काडतुसांचे चौकोनी घर, मागे निमुळती लाकडी मूठ, लांब नळी. कोठ्यावर, म्हणजे नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या भागावर, जर्मनीतल्या ओबर्नडोर्फच्या मौझर कारखान्याचे नाव. ही घडण कारखान्यातील फेडरले बंधूंची आणि पेटंट १८९५ चे, पाउल मौझर यांच्या नावावरचे. मुठीचा एक स्क्रू सोडला तर आतले सगळे भाग एकमेकांत अडकून बसतात, त्यामुळे माहीतगार विक्रेत्याने ते पाच मिनिटांत उघडून समोर मांडले. आतले भाग तेलात राहिलेले, जवळजवळ नवे. बाहेरून मात्र डाव्या बाजूला बारीक गंजाचे खड्डे.

मला तीन गोष्टी पाहायच्या होत्या. पहिली, चौकटीची बाजू. सी ९६ च्या बहुतेक पिस्तुलांच्या चौकटीवर दोन्ही बाजूंना खोलगट चौकोन कोरलेले असतात. या पिस्तुलाच्या बाजू अगदी सपाट होत्या. दुसरी, हॅमर, ज्याला जुने लोक घोडा म्हणतात. आरंभीच्या पिस्तुलांना शंकूच्या आकाराचे डोके असलेला हॅमर असे, पुढे मोठ्या कड्याचा आला, त्यानंतर लहान कड्याचा. येथे मोठ्या कड्याचा हॅमर होता. तिसरी गोष्ट म्हणजे कारखान्याच्या नावाखेरीजचे ठसे. कोठ्याच्या डाव्या सपाट भागावर ‘डीव्ही’ अशी दोन रोमन अक्षरे भिंगाखाली स्पष्ट दिसली. नळी उलटी केली तेव्हा तिच्या तळाशी पावडर एका नखाएवढ्या खुणेत जाऊन बसली : वर मुकुट, खाली ‘एव्ही’. ही खूण दिसली तेव्हा गल्लीचे नाव सापडले.

इटलीच्या शाही नौदलाने १८९९ साली मौझरकडून ५,००० पिस्तुले मागवली. सपाट बाजू, मोठ्या कड्याचा हॅमर, साडेपाच इंची नळी, कोठ्यावर ‘डीव्ही’, नळीखाली मुकुट आणि ‘एव्ही’, शिवाय सर्व भागांवर क्रमांक, हा त्या मागणीचा पोशाख. आणि मुख्य मुद्दा असा की, या पिस्तुलांना मौझरने आपल्या बाजारी विक्रीच्या मालिकेतले क्रमांक दिले नाहीत. त्यांना १ पासून स्वतंत्र मालिका दिली.

एकच अंक, अनेक पिस्तुले

बाहेरच्या माणसाला हे सर्वांत अवघड वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मौझरची बाजारी मालिका १८९६ पासून एकापुढे एक वाढत गेली. तिच्या बाजूला सरकारी मागण्यांच्या मालिका होत्या. तुर्कस्तानच्या उस्मानी सरकारला १८९७ च्या सुमारास १,००० पिस्तुले गेली, त्यांना त्यांची स्वतःची १ ते १,००० मालिका होती. इटलीच्या नौदलाची १ ते ५,०००. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जर्मन सैन्याने ९ मिलिमीटरच्या काडतुसासाठी १,५०,००० पिस्तुलांची मागणी केली, मुठीवर लाल रंगात ९ चा आकडा कोरलेली ती पिस्तुले. त्यांचीही मालिका पुन्हा १ पासून. याउलट इराणला १९१० च्या सुमारास गेलेल्या १,००० पिस्तुलांसाठी १,५४,००० ते १,५४,९९९ असा सलग गठ्ठा राखून ठेवला गेला. म्हणजे ७१६ हा अंक असलेली मौझर पिस्तुले जगात एकापेक्षा अधिक झाली, आणि त्यांतले कोणते आपल्या हातात आहे हे अंक सांगत नाही. अंगावरच्या खुणा सांगतात.

हे खातेवहीवरून एका फटक्यात ठरवता आले असते, पण ती वही आज नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ओबर्नडोर्फ फ्रेंच सैन्याच्या ताब्यात गेले आणि कारखान्याचे दप्तर तेथल्या लष्करी अधिकाऱ्याच्या हुकमाने नष्ट झाले. अमेरिकेतल्या कोल्ट कारखान्याच्या बाबतीत परिस्थिती अगदी निराळी आहे. त्यांच्या रवानगीच्या वह्या टिकल्या, आणि आजही क्रमांक कळवल्यास अमुक पिस्तूल अमुक दिवशी अमुक ठिकाणी पाठवले असे लेखी पत्र कारखान्याच्या अभिलेख विभागाकडून फी भरून मिळते. मौझरच्या मालकाला असे पत्र कधीच मिळणार नाही. त्याला शिल्लक राहिलेल्या नमुन्यांवरून, म्हणजे अनेक देशांतल्या संग्राहकांनी क्रमांक आणि घडणीतले बदल शेजारी शेजारी मांडून तयार केलेल्या याद्यांवरून, मागे जावे लागते. कोणी ‘कारखान्याचा दाखला आणून देतो’ म्हणून पैसे मागितले तर ते देऊ नयेत, हे मी कुटुंबाला तेव्हाच सांगितले.

‘चाचणीचे पिस्तूल’ हा दावा

शस्त्रशौकिनाच्या म्हणण्यातली चूक आता सहज दिसेल. ×७१६ हा क्रमांक बाजारी मालिकेतला धरला, तर पिस्तूल १८९६-९७ मधले ठरते, आणि त्या काळातल्या पिस्तुलावर शंकूच्या डोक्याचा हॅमर असायला हवा. मोठ्या कड्याचा हॅमर तेव्हा नव्हता. अंक आरंभीचा आणि घडण नंतरची, असा विरोध दिसला की मालिका चुकीची धरली आहे असे समजावे. हॅमर मागाहून बदलला असेल, अशी शंका घेता येते. पण या पिस्तुलाच्या हॅमरवर त्याच क्रमांकाचे शेवटचे दोन अंक आहेत आणि चौकटीच्या सपाट बाजू कोणी मागाहून बसवू शकत नाही.

चाचणीच्या पिस्तुलांबद्दलचा एक गैरसमज मी इतक्या वेळा ऐकला आहे की, त्यावर येथेच लिहिलेले बरे. लहान क्रमांक म्हणजे चाचणीचे पिस्तूल, असा नियम नाही. अमेरिकेच्या सैन्याने १९०१ मध्ये चाचणीसाठी १,००० लुगर पिस्तुले घेतली. ती बाजारी मालिकेतल्याच सहा ते सात हजारांच्या घरातली आहेत, आणि कोठ्यावरचा अमेरिकन गरुड बाजारात विकलेल्या लुगरवरही असल्यामुळे केवळ गरुडावरून चाचणी सिद्ध होत नाही. त्याच सैन्याने पुढे कोल्टची १९०२ च्या घडणीची २०० पिस्तुले घेतली, त्यांना १५,००१ ते १५,२०० असा राखीव गठ्ठा मिळाला. आणि १९०७ मध्ये .४५ बोअरची २०० पिस्तुले चाचणीसाठी घेतली, तेव्हा कोल्टने १ ते २०० अशी नवी मालिका काढली. त्यांवर तपासनिसाच्या आद्याक्षरांचा ‘के. एम.’ हा ठसा आहे. तीन चाचण्या, क्रमांक देण्याच्या तीन तऱ्हा. चाचणी ओळखली जाते ती घेणाऱ्या सरकारच्या कागदावरून आणि त्याच्या तपासनिसाच्या ठशावरून. आपल्या पिस्तुलावर तपासनिसाचा ठसा आहे, पण तो नेमून दिलेल्या ५,००० च्या पुरवठ्याचा आहे. इटलीच्या नौदलाने हे पिस्तूल चाचणीसाठी नव्हे, वापरासाठी घेतले होते. स्वयंचलित पिस्तुलांच्या इतिहासात ही सरकारी मागणी फार आरंभीची आणि फार मोठी आहे, हे माझ्या मते कुटुंबाला अभिमान वाटावा इतके पुरेसे आहे. त्यावर चाचणीचा मुलामा चढवण्याची गरज नाही.

रॉडाचे पिस्तूल नव्हे

आजींची हकीकत तपासताना मला अधिक जपून पावले टाकावी लागली, कारण तिच्यामागे एक मोठी आणि खरी घटना आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या जकात गोदामातून रॉडा आणि कंपनीच्या नावे आलेल्या २०२ पेट्या सोडवण्यात आल्या. कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र याने त्यांतल्या १९२ कंपनीच्या गोदामात पोहोचवल्या. उरलेल्या १० पेट्या आणि तो स्वतः, दोन्ही नाहीसे झाले. त्या पेट्यांत ५० मौझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीच्या १९१८ च्या अहवालात या पिस्तुलांचा पुढचा प्रवास दिलेला आहे : ४४ पिस्तुले लगेचच बंगालमधील नऊ गटांत वाटली गेली, पुढच्या ५४ दरोड्यांत आणि खुनांत त्यांचा उपयोग झाला, आणि अहवाल लिहीपर्यंत ३१ पोलिसांच्या हाती परत आली होती.

इतक्या नेमकेपणाने ही संख्या लिहिता आली ती एकाच कारणाने. प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता आणि रॉडाकडे त्या क्रमांकांची नोंद होती. कोठेही एखादे मौझर सापडले की त्याचा अंक नोंदीशी ताडून पाहता येत असे. क्रमांकाच्या नोंदीचे सामर्थ्य दाखवणारे याहून चांगले उदाहरण हिंदुस्थानच्या इतिहासात मला माहीत नाही, आणि हीच नोंद आजींच्या हकीकतीच्या विरुद्ध जाते. १९१० च्या सुमाराचा इराणचा गठ्ठा १,५४,००० वर आहे. तेव्हा १९१४ मध्ये कलकत्त्यात उतरलेली बाजारातली नवी पिस्तुले सहा अंकी असणार. त्यांच्या चौकटीवर खोलगट चौकोन आणि हॅमरला लहान कडे असणार. आपले पिस्तूल चार अंकी, सपाट बाजूंचे, मोठ्या कड्याचे आणि इटलीच्या नौदलाची मालकी अंगावर बाळगणारे आहे.

कुटुंबाने दोन गोष्टी पुरावा म्हणून पुढे केल्या होत्या. अहवालात रॉडाच्या पिस्तुलांचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, .३०० इंच दिला आहे आणि हे पिस्तूलही ७.६३ मिलिमीटरचे, म्हणजे तेच. शिवाय अहवालात म्हटल्याप्रमाणे लाकडी पेटी खांद्याला टेकवायचा दस्ता म्हणून मुठीला जोडण्याची खाच याही मुठीला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या जवळजवळ प्रत्येक सी ९६ बद्दल खऱ्या आहेत, त्यामुळे त्यांचा निवाड्याला उपयोग नाही.

कागदांची पेटी

मग इटलीच्या नौदलाचे पिस्तूल महालात कसे आले? याचे उत्तर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होते. आजोबा दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होते. त्यांच्या सेवामुक्तीच्या दाखल्यावर १९४१ सालासमोर इरिट्रियाचे नाव आहे आणि पेटीत ‘आफ्रिका स्टार’ हे पदक जुन्या रुमालात गुंडाळलेले मिळाले. इरिट्रिया ही तेव्हा इटलीची पूर्व आफ्रिकेतली वसाहत. केरेनची लढाई फेब्रुवारी ते मार्च १९४१ या काळात झाली. तीत हिंदी सैन्याच्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजन लढल्या, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही त्या डोंगरावर होते. २७ मार्चला केरेन पडले आणि ८ एप्रिल १९४१ रोजी मसावा, म्हणजे तांबड्या समुद्रावरचा इटलीचा नाविक तळ, शरण आला. नौदलाच्या शस्त्रागारातली जुनी पिस्तुले अशा वेळी कोणाकोणाच्या हाती गेली असतील हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. माझ्या टिपणात मी ‘काळ, ठिकाण आणि मालकीचा ठसा यांचा मेळ बसतो’ एवढेच शब्द वापरले, कारण आजोबांनी पिस्तूल प्रत्यक्ष कोणाकडून घेतले याचा कागद पेटीत नव्हता.

पहिला परवाना १९४६ चा. त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात जिल्ह्याचा प्रमुख डेप्युटी कमिशनर असे आणि परवाना त्याच्या सहीने निघे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, पदनामे बदलली, नमुने बदलले, आणि आज घरात असलेली सर्वांत जुनी पुस्तिका १९५८ ची आहे. तिच्यात ×७७६ आहे. त्याआधीची पुस्तिका नवी देताना जमा करून घेतली गेली होती. मी जुन्या दप्तरात आठ दिवस बसलो. वैयक्तिक परवान्यांच्या वह्या ठरावीक मुदतीनंतर रद्द होत असल्याने १९४६ ची मूळ नोंद हाती लागली नाही.

या सगळ्या शोधात मला सर्वांत मोलाचा वाटला तो एक कागद तळहाताएवढा आहे. १९५१ सालची, काडतुसे विकणाऱ्या दुकानाची पावती. जांभळ्या शाईतली, घडीवर फाटलेली. तीवर इंग्रजीत मौझर पिस्तूल, ७.६३, क्रमांक ×७१६, काडतुसे २५ एवढेच लिहिले आहे. विक्रेत्याला विक्रीची नोंद परवान्यावर आणि स्वतःच्या वहीत करावी लागते. तेव्हा हा अंक त्याने एक तर जुन्या परवान्यावरून उतरवला किंवा पिस्तूल पाहून लिहिला. परवान्यावरून उतरवला असेल, तर १९५८ पूर्वीच्या पुस्तिकेत ×७१६ च होते आणि चूक नव्या पुस्तिकेत शिरली. पिस्तूल पाहून लिहिला असेल, तर १९५१ मध्येही पिस्तुलावर ×७१६ च होते आणि अंक अलीकडे बदलला गेल्याचा संशय संपतो. कोणत्याही बाजूने घेतले तरी ती पावती नातवाच्या बाजूने बोलते.

एकचा ध्वज

शेवटी तो वादाचा अंक. कारखान्याच्या ठशातला इंग्रजी एक हा साधी उभी रेघ नसतो. त्याच्या माथ्यापासून डावीकडे खाली उतरणारा लांब ध्वज असतो. युरोपातल्या हाताने लिहिलेला एक आपल्याकडे सात म्हणून वाचला जातो, तीच येथली अडचण. आपल्या क्रमांकात सुदैवाने खरा सात एकाच्या अगदी शेजारी आहे, त्यामुळे तुलनेसाठी दुसरीकडे जावे लागले नाही. भिंगाखाली सातची वरची रेघ आडवी, तिच्या उजव्या टोकापासून पाय तिरका डावीकडे उतरतो. एकचा पाय सरळ उभा, ध्वज तिरका. पण चौकटीवरच्या ठशात एकच्या ध्वजाच्या टोकालगत, किंचित वर, गंजाचा एक खड्डा पडला आहे. तेल आणि मळ त्यात साचला की तिरका ध्वज आडवा भासतो आणि घाईने पाहणाऱ्याला ७७६ दिसते. पावडर घालण्यापूर्वी मलाही क्षणभर तेच दिसले होते. १९५८ मध्ये शस्त्र समोर ठेवून नवी पुस्तिका लिहिणाऱ्याला तसेच दिसले असावे, असे मला वाटते.

या पिस्तुलाच्या सर्व भागांवर क्रमांक असल्याचा येथे फायदा झाला. हॅमर, सुरक्षा खटका, आतली चौकट आणि मागच्या मापाच्या माशीचा पट्टा या चार ठिकाणी शेवटचे दोन अंक आहेत. तेलात राहिलेल्या आतल्या भागांवर गंज नाही. चारही ठिकाणी १६. कोणी ७ चा १ केला असता तर त्याला पिस्तूल उघडून हे चारही भाग, त्याच मापाच्या ठशाने, त्याच खोलीवर करावे लागले असते, आणि ७ ची खोल आडवी रेघ भरून काढणे पोलादात होत नाही. न्यायसहाय्यक प्रयोगशाळेच्या शस्त्रतज्ज्ञाने स्वतंत्रपणे तपासून क्रमांक मूळचाच असल्याचे आणि घासल्याची वा पुन्हा ठोकल्याची चिन्हे नसल्याचे कळवले.

आणखी एक बाब मी टिपणात मुद्दाम घातली. ×७७६ हा अंक काल्पनिक नाही. त्याच ५,००० च्या मालिकेत त्या क्रमांकाचे दुसरे पिस्तूल झालेले आहे. ते आज जेथे असेल तेथे असो, पण नागपुरातल्या एका पुस्तिकेने साठ वर्षांहून अधिक काळ त्या परक्या पिस्तुलाला परवाना देऊन ठेवला होता. म्हणूनच दुरुस्ती नव्या कागदाच्या कोपऱ्यात न होता मूळ नोंदीत, कारणासह व्हावी असा आग्रह मी धरला.

निकाल

सहा पानांचे टिपण, पाच ठिकाणच्या ठशांची शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे, १९५१ च्या पावतीची साक्षांकित नक्कल, जमा पावती आणि तज्ज्ञाचा अहवाल एवढे कागद अर्जासोबत गेले. त्यानंतर सुनावणी झाली, नातवाचे प्रतिज्ञापत्र झाले, आणि एका वर्षाहून थोड्या अधिक काळाने नोंद दुरुस्त होऊन नातवाला परवाना मिळाला. नव्या नोंदीत क्रमांकाबरोबर ‘इटालियन नौदलाचा ठसा, सपाट चौकट’ हे वर्णनही लिहून घेतले, म्हणजे पुढच्या तपासणीत केवळ एका झिजलेल्या अंकावर भिस्त ठेवावी लागणार नाही.

परवाना हाती आल्यावर मी आजींना भेटायला गेलो. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “मग तो पोरगा आपल्या घरी आलाच नव्हता का, भाऊ?” मी म्हणालो, “आजी, तो आला असेल. पिस्तूल तेवढे त्याचे नाही.” त्यांचे सासरे त्या काळी बंगाल-नागपूर रेल्वेत होते हे नोकरीच्या कागदांवरून खरे आहे, आणि पिस्तुलाच्या क्रमांकाला त्याबद्दल काही सांगता येत नाही. त्या दुपारी आजींनी सासूबाईंकडून ऐकलेले सगळे सांगितले : चार रात्री, मागच्या खोलीतले अंथरूण, त्याला तिखट न चालणे, पहाटेच्या गाडीने जाणे. नातवाने ते एका स्वतंत्र कागदावर तारखेसह लिहून घेतले, खाली आजींची सही घेतली आणि तो कागद पिस्तुलाच्या फायलीत न लावता पदकाच्या रुमालाशेजारी पेटीत ठेवला.